आघाडीचा खेळाडू : नेव्हिल डिसोझा यांची कारकीर्द आणि आपली गावमैदाने

ऑलिंपिकमधील फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून क्रीडा-इतिहासात ज्याची नोंद आहे, तो खेळाडू आपल्या मुंबईचा होता. ही गोष्ट आज महाराष्ट्रातील फार थोड्या शाळांतून सांगितली जाते. नेव्हिल डिसोझा हे त्यांचे नाव. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार गोल केले आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांची गणना झाली. उरलेले दोघे बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे तोडोर वेसेलिनोविच. अशा खेळाडूची कारकीर्द कशी घडली, तिला आधार कोणी दिला, आणि ती संपल्यावर काय उरले, याचा विचार केवळ क्रीडारसिकांनीच करावा असे नाही. शाळेच्या मैदानाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनीही तो करण्यासारखा आहे. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या पायात असा गुण असेल, तर तो कोणाच्या लक्षात येणार आणि पुढे कोठे जाणार, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

आघाडीच्या खेळाडूचे काम

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक, बचावफळी, मधली फळी आणि आघाडीची फळी अशी त्यांची ढोबळ विभागणी होते. आघाडीच्या फळीत अगदी पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ जो खेळतो त्याला पूर्वी ‘सेंटर फॉरवर्ड’ म्हणत. आता ‘स्ट्रायकर’ हा शब्द रूढ झाला आहे. गोल करणे हे त्याचे मुख्य काम. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. नव्वद मिनिटांच्या खेळात या चौकटीत चेंडू मारण्याची स्वच्छ संधी चांगल्या खेळाडूलाही मोजक्याच वेळा मिळते. उरलेला सारा वेळ तो ती संधी निर्माण होण्याची वाट पाहत, जागा बदलत, बचाव करणाऱ्यांना चकवत धावत असतो.

या धावण्यावर एका नियमाचे बंधन आहे, तो म्हणजे ‘ऑफसाइड’चा नियम. सहकाऱ्याने चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्याही पुढे असेल, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीत असला तरी चालते. त्याहून पुढे राहून त्याने खेळात भाग घेतला, तर तो दोषी ठरतो. १९२५ सालापूर्वी दोनऐवजी तीन खेळाडूंची अट होती. ती सैल झाल्यावर गोलांची संख्या वाढली. या नियमामुळे आघाडीच्या खेळाडूला नुसते वेगवान असून भागत नाही. केव्हा धावायचे हे त्याला कळावे लागते. खो-खोमध्ये पाटीवर बसलेला खेळाडू ‘खो’ मिळण्याआधी उठला तर चूक होते आणि क्षणभर उशिरा उठला तर धावक निसटतो. आघाडीच्या खेळाडूची कसोटी नेमकी अशीच असते. आपल्या ग्रामीण मुलांना हे मर्म समजावून सांगण्यास खो-खोचे मैदान पुरेसे आहे.

आसगाव, मुंबई आणि कूपरेज

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी झाला. त्यांचे मूळ गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगाव; त्यांचे नाव झाले ते मात्र मुंबईत. त्यांचे बंधू डेरेक हेही मुंबईतील नामांकित फुटबॉलपटू होते. गोव्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांनी या शहराला अनेक उत्तम फुटबॉल व हॉकी खेळाडू दिले. त्या परंपरेतील हे एक ठळक नाव होय.

मुंबईतील फुटबॉलचे केंद्र म्हणजे कूपरेजचे मैदान आणि तेथील मानाची स्पर्धा म्हणजे रोव्हर्स चषक. १८९१ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत प्रथम ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने हा चषक जिंकला आणि भारतीय संघाच्या हाती तो प्रथमच आला. स्वातंत्र्यानंतर कलकत्ता, हैदराबाद आणि मुंबईचे बलाढ्य संघ कूपरेजवर झुंजू लागले. नेव्हिल यांनी टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळून नाव मिळविले. राष्ट्रीय विजेतेपदाच्या संतोष चषक स्पर्धेत १९५४ साली मुंबईने प्रथमच विजय मिळविला, त्या संघात ते होते. पुढे १९५८ साली कॅल्टेक्स संघाने रोव्हर्स चषक जिंकला, त्या यशातही त्यांचा वाटा होता.

मेलबर्नचा विजय

मेलबर्नच्या यशाचे मोल कळण्यासाठी त्याआधीच्या आठ वर्षांकडे पाहिले पाहिजे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असा पराभव झाला. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालविल्या. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात इराणविरुद्धचा एकमेव गोल आघाडीचे खेळाडू मेवालाल यांचा होता. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले. या पराभवानंतर बूट घालून खेळणे अनिवार्य करण्यात आले. अनवाणी पायांना चेंडूचा जो स्पर्श कळत होता तो बुटातून पुन्हा शिकणे, हे त्या पिढीला सोपे गेले नाही. तरीही चार वर्षांत त्यांनी ते साधले.

मेलबर्नमध्ये पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडणार होती. हंगेरीने माघार घेतली आणि भारत उपान्त्यपूर्व फेरीत पोचला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. उत्तरार्धात पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथ्या गोलाची भर घातली. भारत ४-२ असा विजयी झाला. यजमानांना हा निकाल मनापासून पटला नसावा. १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे उभय संघांत पुन्हा मैत्रीचा सामना झाला आणि तो भारताने ७-१ असा जिंकला.

उपान्त्य सामन्यात भारतासमोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या या संघाविरुद्ध पूर्वार्ध बरोबरीत सुटला. उत्तरार्धात पहिला गोल भारताचा झाला, आणि तो नेव्हिल यांचा. ही आघाडी फार वेळ टिकली नाही. युगोस्लाव्हियाने ४-१ असा विजय मिळविला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविल्याने भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने त्याहून वरचे स्थान आजवर मिळविलेले नाही आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय पुरुष संघ या स्पर्धेसाठी पात्रच ठरलेला नाही.

एका शिक्षकाचे श्रेय

आघाडीच्या खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात येते. पण चेंडू त्याच्यापर्यंत यावा लागतो. मेलबर्नच्या संघात उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, डावीकडे बलराम यांच्यासारखे कुशल खेळाडू होते आणि संघाचे नेतृत्व समर बॅनर्जी यांच्याकडे होते. या सर्वांना एका सूत्रात बांधणारे प्रशिक्षक म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. शिक्षक-वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे रहीमसाहेब मुळात शाळामास्तर होते. शिस्त, लहान लहान पासेस, दोन्ही पायांनी सारखे खेळण्याचा सराव आणि वैयक्तिक चमकदारपणापेक्षा संघाला महत्त्व, ही त्यांच्या शिकवणीची सूत्रे होती. १९५० पासून १९६३ साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी भारतीय संघ घडविला. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई सुवर्णपदकांचे शिल्पकार तेच होत. जकार्ता येथे ४ सप्टेंबर १९६२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरविताना त्यांनी जर्नैलसिंग या बचावफळीच्या खेळाडूला, डोक्याला जखम असतानाही, आघाडीवर खेळविले आणि त्याने गोल करून हा निर्णय सार्थ ठरविला. कोणता विद्यार्थी कोठे शोभेल हे ओळखण्याची अशी नजर वर्गात आणि मैदानात सारखीच उपयोगी पडते.

नोकरी हाच आधार

त्या काळी भारतात फुटबॉल हा कायदेशीर अर्थाने व्यवसाय नव्हता. खेळाडू ‘हौशी’ समजला जाई. मग तो जगत कसा असे? मुंबईत याचे उत्तर कंपन्यांनी दिले होते. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल यांसारखी उद्योगगृहे आणि रेल्वे, कस्टम्स, पोलीस यांसारखी खाती चांगल्या खेळाडूंना नोकरी देत. सकाळी सराव, दिवसा कचेरी, संध्याकाळी सामना असा त्यांचा क्रम असे. या पद्धतीत मोठा पैसा नव्हता, पण दरमहा पगार होता, पाय मोडला तरी नोकरी शिल्लक राही आणि निवृत्तीनंतर संसाराला आधार असे. मध्यमवर्गीय आई-वडील मुलाला मैदानावर पाठवीत ते या भरवशावरच.

परंतु ही व्यवस्था कंपनीच्या अस्तित्वावर अवलंबून होती. कॅल्टेक्सचा भारतातील कारभार शासनाने ताब्यात घेतला आणि १९७८ साली तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. गिरण्या आजारी पडल्या तसे त्यांचे संघही मोडले. रोव्हर्स चषकाची स्पर्धाही एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. ज्या जमिनीत नेव्हिल यांच्यासारखे खेळाडू वाढले, तीच हळूहळू नाहीशी झाली.

कारकिर्दीची लांबी

मेलबर्नच्या वेळी नेव्हिल चोवीस वर्षांचे होते. चार वर्षांनी रोमला गेलेल्या भारतीय संघात ते नव्हते. अठ्ठाविसाव्या वर्षी ऑलिंपिकची दारे मिटली होती. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलसाठी पहिल्या वर्षीचा मान पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. या पुरस्काराच्या मानकऱ्यांच्या यादीत नेव्हिल डिसोझा यांचे नाव नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आघाडीच्या खेळाडूचे आयुष्यच असे असते. वेग हे त्याचे भांडवल, आणि शरीरात प्रथम ओसरतो तो वेगच. त्यातच बचाव करणाऱ्यांचे धक्के, गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती सर्वाधिक त्याच्याच वाट्याला येतात. सुनील छेत्री यांच्यासारखा एखादाच, जो २००५ साली भारताकडून प्रथम खेळला आणि जून २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर करून मैदान सोडताना १५१ सामन्यांत ९४ गोल त्याच्या नावावर होते. पुढे २०२५ साली तो पुन्हा संघात परतला. बहुतेकांची कारकीर्द दहा-बारा वर्षांत आटोपते. म्हणून खेळाबरोबर शिक्षण चालू राहणे हा उपदेशाचा विषय नसून व्यवहाराचा भाग आहे.

आजचा व्यावसायिक खेळाडू

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली आणि २०१४ पासून इंडियन सुपर लीग खेळली जाऊ लागली. आता खेळाडू क्लबशी ठरावीक मुदतीचा करार करतो. करारात मानधन, दुखापतीच्या वेळचे उपचार, करार मोडण्याच्या अटी नमूद असतात. एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये जाणे नोंदणीच्या ठरावीक कालावधीतच शक्य असते. उत्पन्न पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले, पण जोखीमही वाढली. महाराष्ट्रातील महिंद्र युनायटेड हा २००५-०६ सालचा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे २००७ साली स्थापन झालेले संघही पुढे मैदानातून गेले. संघ बंद झाला की खेळाडूला परत बोलाविणारी कचेरी आता नसते.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, एक नियम आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. खेळाडू मोबदला घेऊन एका देशाच्या क्लबमधून दुसऱ्या देशाच्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के भाग, वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले, त्यांच्यात वाटला जातो. याचा अर्थ लहानपणी शिकविणाऱ्याचे ऋण जागतिक संघटनेनेही मान्य केले आहे. मात्र त्यासाठी खेळाडूची त्या त्या काळातील अधिकृत नोंद असावी लागते. नोंद नसेल तर श्रेयही नाही आणि वाटाही नाही.

कोल्हापूर आणि नागपूरचे धडे

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की कोल्हापूरचे नाव निघते. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांसारख्या पेठापेठांतील तालमींनी व मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगने त्यांना वर्षभराचे वेळापत्रक दिले. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलला दत्तक घ्यावे, हे या शहराचे वैशिष्ट्य. येथील अनिकेत जाधव हा २००० साली जन्मलेला आघाडीचा खेळाडू शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात तो देशाकडून खेळला आणि नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला. प्रबोधिनी, वयोगटाचा राष्ट्रीय संघ आणि मग व्यावसायिक करार, अशी पायरी-पायरीची वाट त्याच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

दुसरा धडा आपल्या शेजारचा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणण्यास सुरुवात केली. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली आणि २०१६ साली तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट याच कार्यावर बेतलेला आहे. या मुलांपैकी सगळे व्यावसायिक खेळाडू झाले नाहीत. पण व्यसन आणि भांडणे यांपासून दूर राहून मैदानावर येण्याची सवय अनेकांना लागली. मैदानाचे खरे उत्पन्न हेच, असे म्हणावयास हरकत नाही.

मुलींच्या बाबतीतही चित्र बदलत आहे. मणिपूरच्या बालादेवी या आघाडीच्या खेळाडूने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. आपल्या शाळांत मुलींची कबड्डी व खो-खो खेळण्याची परंपरा जुनी आहे. त्याच मैदानावर चेंडू ठेवला तर मुली मागे राहतील असे मानण्याचे कारण नाही.

वर्धा जिल्ह्यात काय करता येईल

सेवाग्रामच्या या जिल्ह्यात खेळ आणि शिक्षण यांचा संबंध नव्याने सांगावा लागू नये. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत, विद्यार्थिदशेत क्रिकेट-फुटबॉलकडे आपण पाठ फिरविली आणि ती आपली चूक होती, असे मान्य केले आहे. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा जो विचार पुढे आला, त्यात हात, बुद्धी आणि शरीर यांच्या एकत्रित विकासाचा आग्रह होता. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील शाळांना हा वारसा जवळचा आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी मात्र ध्यानी घ्यावयास हव्यात. पहिली जागेची. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. एवढी जागा बहुतेक गावांत मिळणार नाही आणि लहान मुलांना तिची गरजही नाही. बारा वर्षांखालील मुलांनी पाच-पाच किंवा सात-सात जणांचे संघ करून लहान मैदानावर खेळणे अधिक हिताचे. त्यात प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. चेंडूही पाच क्रमांकाच्या मोठ्या चेंडूऐवजी चार क्रमांकाचा किंवा त्याहून लहान वापरावा. मोठा, जड चेंडू मारून मारून लहान मुलांचे पाय दुखावतात आणि पद्धतही बिघडते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन्ही अवस्थांत घोटा मुरगळण्याचा धोका असतो. पाण्याचा निचरा होईल असा हलका उतार, वर मुरमाचा व मातीचा दाबलेला थर आणि कडेने चर एवढी तजवीज केली तरी मैदान वर्षातील बराच काळ खेळण्याजोगे राहते. असे काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात सुचविता येईल. मैदानाची जागा दप्तरी ‘क्रीडांगण’ म्हणून नोंदलेली असणे हेही तितकेच आवश्यक. नोंद नसलेल्या मोकळ्या जागेवर आधी गुरे, मग गाडे आणि शेवटी बांधकाम येते, हा अनुभव सर्वत्र आहे.

तिसरी गोष्ट हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते. त्या दिवसांत सराव सूर्योदयाच्या सुमारासच व्हावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे आणि चक्कर, मळमळ, अंग तापणे ही लक्षणे दिसताच मुलाला सावलीत नेऊन अंग थंड करावे. शिक्षकाने या बाबतीत कोणाचीही भीड ठेवू नये.

चौथी आणि फार महत्त्वाची गोष्ट जन्मनोंदीची. फुटबॉलच्या साऱ्या प्राथमिक स्पर्धा वयोगटानुसार होतात. जन्मतारखेत फेरफार करून मोठ्या मुलाला लहान गटात खेळविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यामुळे खऱ्या वयाचे मूल बाहेर राहते आणि खोट्या वयाचे मूल पुढे मनगटाच्या हाडांच्या तपासणीत सापडले की त्याची कारकीर्द तेथेच थांबते. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्म प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील ही एक ओळ भावी खेळाडूच्या आयुष्यातील पहिला कागद होय.

पाचवी गोष्ट पुढच्या वाटेची. शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा टप्प्यांनी होतात. शालेय फुटबॉलची देशातील मानाची सुब्रोतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे. गुणी मुलांसाठी क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी असते. शालान्त परीक्षेत पात्र खेळाडूंना वाढीव गुणांची सवलत मिळते आणि राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कूपरेजच्या काळात कंपनीची नोकरी जे काम करीत असे, ते काही अंशी आज या तरतुदी करतात. यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते; ती पालकांपर्यंत पोचविणे हे मुख्याध्यापकांचे काम. सवलतीसाठी प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवणे आवश्यक असते आणि पुष्कळदा हा कागद घरातील ओलीत किंवा स्थलांतरात नाहीसा होतो. शाळेने त्याची एक प्रत आपल्या दप्तरी ठेवल्यास मुलाचे मोठे नुकसान टळेल.

उपसंहार

१५ सप्टेंबर २०१७ रोजी विश्वचषकाच्या निमित्ताने महाराष्ट्रभर एकाच दिवशी लाखो मुलांनी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम झाला, तेव्हा अनेक खेडेगावांतील शाळांत प्रथमच चेंडू पोचला. त्या दिवसाचा उत्साह मोलाचा होता. परंतु खेळाडू एका दिवसात घडत नाही. नेव्हिल डिसोझा यांच्यामागे क्लब होता, नोकरी होती, वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा होत्या आणि खेळाडू ओळखणारा एक शिक्षक होता. यांपैकी क्लब किंवा कंपनी गावात आणणे आपल्या हाती नसेल. मैदान राखणे, जन्मनोंद खरी ठेवणे, आठवड्यातून चार दिवस नियमाने चेंडू मैदानावर आणणे आणि गुणी मूल दिसताच त्याला पुढच्या पायरीवर पाठविणे, एवढे मात्र प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला करता येण्यासारखे आहे. त्यातून ऑलिंपिकचा खेळाडू निघो वा न निघो, निरोगी आणि संघभावना जाणणारा नागरिक निश्चित निघेल. आणि जिल्ह्यात एखादा नेव्हिल खरोखरच जन्मला असेल, तर तो कोणाच्या नजरेस न पडता मोठा होणार नाही.